ताणा घालायला दोघं लागतात: केचुआ विणकाम नेमकं काय टिकवतं?

प्रश्न असा आहे: "पेरूमध्ये पारंपरिक विणकामामुळे तिथल्या मूळ रहिवाशांची संस्कृती टिकली, असं सगळीकडे वाचायला मिळतं. प्रत्यक्षात टिकतं काय? जुनी कापडं संग्रहालयात ठेवली आणि नक्ष्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या, तर तेवढ्यानं भागत नाही का?"

नाही भागत. का, ते कळायला कापड धाग्यापासून कसं उभं राहतं ते बघावं लागतं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. उदाहरण चिंचेरोचं घेऊ. कुस्को शहरापासून साधारण 30 किलोमीटरवरचं, सुमारे 3,760 मीटर उंचीवरचं हे केचुआ गाव, म्हणजे अँडीज पर्वतातल्या केचुआ भाषा बोलणाऱ्या मूळ रहिवाशांचं. इथल्याच निल्दा कायान्यौपा आल्वारेस यांच्या पुढाकारानं 1996 मध्ये कुस्कोत पारंपरिक वस्त्रांचं केंद्र सुरू झालं आणि पुढे त्या भागातली 10 गावं त्याला जोडली गेली. त्यामुळे इथली कामाची पद्धत नीट नोंदलेली आहे, आणि आजही रोज चालते.

आधी दोन शब्द. केचुआत 'पाम्पा' म्हणजे मोकळं माळरान. कापडावरचा नक्षी नसलेला सपाट पट्टा, तोही पाम्पाच. 'पाल्याय' म्हणजे वेचणं, जमिनीवरून उचलून गोळा करणं. शेतातलं पीक वेचताना वापरतात तेच क्रियापद. नक्षीलाही पाल्यायच म्हणतात, कारण नक्षी ही बोटांनी एकेक धागा वेचूनच होते. शेतात जे हात करतात तेच मागावर करतात, आणि भाषेत ते एकाच शब्दात बसलंय. नक्षीचा नुसता फोटो काढला की हा शब्द त्यातून गळतो. गळण्याची सुरुवात इथून आहे.

सूत: सगळं पिळावर आहे

लोकर मेंढीची किंवा अल्पाकाची. मेंढी स्पॅनिश लोकांबरोबर आली, अल्पाका आणि लामा तिथलेच. धुवायला एक जंगली मूळ किसून पाण्यात टाकतात, आपल्या रिठ्यासारखा फेस येतो. मग लोकर हातानं मोकळी करून पुश्कावर कातायची. पुश्का म्हणजे आपली टकळीच: लाकडी काडी आणि खाली चकती. बाई चालता चालता, मेंढरांमागे, बाजारात उभ्यानं कातत असते.

पहिला पीळ उजवा. असे दोन एकेरी धागे एकत्र धरून जरा मोठ्या टकळीवर उलट्या दिशेनं पिळतात. हे सूत आपल्याला लागतं त्यापेक्षा खूपच कडक पिळलेलं असतं. लडी सैल सोडली की जागच्या जागी गुंडाळ्या होतात. नवखा माणूस म्हणतो, पीळ जास्त झाला. जास्त झालेला नाही, तेवढाच हवा. या कापडात ताणा (उभे धागे) इतका दाट असतो की बाणा (आडवा धागा) पूर्ण झाकला जातो. प्रत्येक ओळीला शेकडो उभे धागे एकमेकांना घासत वरखाली होतात. पीळ सैल असेल तर लोकरीचे केस शेजारच्या धाग्यात गुंततात, दोन थरांमधली फट उघडत नाही, आणि जोर लावला की धागा तुटतो. आपल्याकडे घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, ती याच घासण्यावरचा उपाय. अँडीजमध्ये खळीचं काम पिळाकडून करून घेतात.

आणखी एक बारकावा. काही सूत मुद्दाम उलट्या दिशेनं कातलेलं असतं. त्याला 'ल्योके' म्हणजे डावं म्हणतात. हे सूत अंगावरची पीडा टाळतं अशी श्रद्धा आहे, म्हणून ते कापडाच्या कडेला घालतात. कडेला उजव्या आणि डाव्या पिळाचे धागे शेजारी शेजारी आले की त्यांचे ताण एकमेकांना तोलतात आणि काठ वळत नाही, हा त्यातला व्यवहार. श्रद्धा आणि व्यवहार यांत आधी काय आलं, या वादात पडण्यात अर्थ नाही. पण गिरणीतलं तयार सूत आणलं की सगळे धागे एकाच पिळाचे येतात. मग काठ गुंडाळतो, आणि 'डावं सूत' हा शब्द वापरायचं कारणच उरत नाही.

सुताचा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. खांद्यावर घेण्याच्या 'ल्यिक्ल्या'चे दोन अर्धे भाग वेगवेगळे विणून जोडतात. एक भाग 40 सेंटीमीटर रुंद धरू, बारीक कामात सेंटीमीटरला 20 ताणे धरू, लांबी 110 सेंटीमीटर. 800 ताणे म्हणजे एका भागाला 880 मीटर, दोन्हींना 1,760 मीटर दुपदरी सूत. ते दुपदरी म्हणजे टकळीवरून उतरलेलं एकेरी सूत साडेतीन किलोमीटर. बाणा आणि विणताना आटणारी लांबी यात धरलेली नाही. म्हणून विणायला किती दिवस लागले हा प्रश्नच अर्धा आहे. जास्त वेळ कातण्यात जातो, आणि विकताना नेमका तोच कुणी मोजत नाही.

रंग: उंचीवर पाणी लवकर उकळतं

लाल रंगाचा राजा म्हणजे कोचिनील, निवडुंगावर वाढणारा किडा. मादी गोळा करून वाळवतात. 1 किलो मालाला साधारण दीड लाख किडे लागतात. आजही जगात सर्वांत जास्त कोचिनील पेरूतूनच येतं. मराठीतला 'किरमिजी' हा शब्द जुन्या जगातल्या अशाच दुसऱ्या एका किड्यावरून आलेला आहे, म्हणजे रंगाचं घराणं ओळखीचं. (ईस्ट इंडिया कंपनीनं 1795 मध्ये हा किडा भारतात आणवला, तो भलत्याच जातीचा निघाला. रंग हलक्या दर्जाचा मिळाला, निवडुंग मात्र फस्त झाला.)

लोकर 500 ग्रॅम असेल तर प्रमाण साधारण असं: तुरटी 60 ग्रॅम, कोचिनीलची पूड 40 ग्रॅम, पाणी 15 ते 20 लिटर. लोकर आधी कोमट पाण्यात पूर्ण भिजवायची. कोरडी टाकली तर डाग पडतात. तुरटीच्या पाण्यात तासभर हळूहळू तापवून तिथेच थंड होऊ द्यायची. मग रंगाच्या पाण्यात पुन्हा तासभर. लिंबाचा रस पिळला की रंग शेंदरीकडे झुकतो, खार टाकला की जांभळ्याकडे, आणि चिमूटभर हिराकसानं (लोखंडाच्या क्षारानं) करडा-जांभळा होतो. एकाच भांड्यातून ओळीनं सहा-सात छटा काढणं हे तिथल्या बायकांचं रोजचं काम आहे.

बिघडतं ते असं. तुरटी लोकरीच्या वजनाच्या 20 टक्क्यांवर गेली की लोकर चिकट आणि खरखरीत होते. हिराकस 2-3 टक्क्यांपुढे गेलं की धागा ठिसूळ होतो, आणि हे लगेच दिसत नाही, दोन-चार वर्षांनी कापड त्याच रेघेत फाटतं. जुन्या कापडात काळा-तपकिरी भागच आधी झिजलेला दिसतो, त्याचं कारण बहुधा हेच. पाणी जड (क्षार जास्त असलेलं) असेल तर कोचिनील आपोआप जांभळ्याकडे जातं आणि 'तीच कृती, वेगळा रंग' असं कोडं पडतं. आणि गरम लोकर गार पाण्यात टाकून घुसळली की ती आवळून तिचा नमदा झालाच.

उंचीची गोष्ट कुठल्या कृतीत लिहिलेली नसते. चिंचेरोत पाणी साधारण 87 अंशांनाच उकळतं. कोचिनीलला तेवढं पुरतं, पण 'चिल्का'सारख्या झुडपाच्या पाल्यातून रंग उतरायला वेळ लागतो. म्हणून पाला आधी बराच वेळ उकळून घेतात. चिल्काला मोरचुदाची (तांब्याच्या क्षाराची) जोड दिली की हिरवा मिळतो. पिवळ्यासाठी 'कोल्ये'ची फुलं. मंजिष्ठेच्या कुळातल्या 'चापी'च्या मुळांनीही लाल येतो, आणि तो कोचिनीलपेक्षा विटकरी असतो. कुठलं झुडूप कुठल्या उतारावर, कधी तोडायचं, कितवर तोडायचं म्हणजे ते पुन्हा फुटेल, हे ज्ञान रंगाच्या वहीत मावत नाही. ते डोंगर चढणाऱ्यालाच असतं. मोरचुदाचं उरलेलं पाणी ओढ्यात सोडायचं नाही आणि ते भांडं स्वयंपाकाला घ्यायचं नाही, हेही इथेच सांगून ठेवायला हवं. 'नैसर्गिक' या शब्दाच्या भरवशावर लोक हे विसरतात.

ताणा, आणि दुसरा माणूस

आता मुख्य मुद्द्याकडे. अंगणात दोन खुंट ठोकतात, मधलं अंतर कापडाच्या लांबीएवढं. दोघीजणी समोरासमोर बसतात. सुताचा एक गुंडा पहिलीकडून दुसरीकडे फेकला जातो, ती खुंटाला वळसा घालून परत फेकते. धागा इंग्रजी आठच्या आकारात फिरतो, म्हणून मधे फुली पडते, आणि ही फुली पुढच्या सगळ्या विणकामाचा आधार. कुठला धागा वरच्या थराचा आणि कुठला खालच्या, तो क्रम तिथेच ठरतो. नक्षीच्या पट्ट्यात दोन रंगांचे धागे, समजा लाल आणि पांढरा, जोडीनं घालत जातात. एका जोडीतला लाल वर आला की पांढरा खाली, पांढरा वर की लाल खाली. म्हणून या कापडाला उलट बाजू नसतेच. मागेही तीच नक्षी, फक्त रंग अदलाबदल झालेले.

हे काम एकटीनं होतं, पण वाईट होतं. प्रत्येक वळशाला उठून पलीकडे जावं लागतं आणि ताण सारखा राहत नाही. म्हणून शेजारीण येते. आज तिनं तुमच्या ताण्याला हात लावला, उद्या तुम्ही तिच्या. याला 'आयनी' म्हणतात. बटाट्याच्या लावणीला, घराच्या छपराला चालते तीच आयनी. आपल्याकडच्या इर्जिकीची आठवण यावी अशी ही रीत. गुंडा फेकता फेकता दोघींमध्ये मोजणी, गावच्या बातम्या, कुणाच्या मुलीनं पहिला पट्टा पुरा केला, सगळं केचुआत चालतं. संग्रहालयातल्या कापडात हे ताणे आहेत, ही दुसरी बाई नाही. मूळ प्रश्नाचं माझ्या लेखी खरं उत्तर इथे आहे: टिकते ती ही देवाणघेवाण, आणि तिला कारण पुरवतो तो ताणा.

ताण्यात चुका होतात त्या बहुतेक इथल्याच. दोघींपैकी एकीचा हात जड असेल तर धागे आलटून पालटून घट्ट-सैल होतात आणि कापडावर चुण्या येतात. खुंट सरळ ठोकले तर ताणा वाढत जाईल तसे ते आत झुकतात, आणि शेवटचे धागे पहिल्यांपेक्षा आखूड पडतात. म्हणून खुंट आधीच थोडे बाहेर कललेले ठोकायचे. मधेच गप्पांच्या नादात एक वळसा फुली न घालता गेला, तर तो धागा दोन्ही थरांत बसत नाही. तो मागावर गेल्यावरच कळतो.

ताणा पुरा झाला की खुंटांच्या जागी मजबूत दोरी ओवून ती मागाच्या दांड्यांना बांधतात. ताण्याचे धागे कुठेही कापत नाहीत. म्हणून कापडाच्या चारही बाजू बंद निघतात, शिवण नाही, कातर नाही. मग लाल थरातल्या प्रत्येक धाग्याला दोऱ्याचा एकेक फासा घालून ते सगळे एका काठीवर घेतात. ही 'इल्यावा'. फासे सारख्या उंचीचे हवेत. एखादा आखूड झाला तर तो धागा इतरांपेक्षा जास्त उचलला जातो आणि तिथे कापडावर रेघ उमटते. पांढऱ्या थराखाली नुसती एक गोल दांडी असते. माग तयार. एक टोक खांबाला, दुसरं कमरपट्ट्यानं विणणारीच्या कमरेला. मागे रेललं की ताण वाढतो, पुढे वाकलं की सैल होतो आणि इल्यावा वर उचलता येते. ताण्याची सगळी गणितं कमरेत. आपल्या ईशान्येकडचा नागा बायकांचा कमरेचा माग याच जातीचा.

वेचणी जवळून

नक्षीची एक ओळ कशी होते ते पाहू. पट्ट्यात 15 जोड्या आहेत असं समजा. इल्यावा उचलली, सगळे लाल वर आले. आता उजव्या कडेपासून बोटांनी वेचायचं: हे तीन लाल ठेवले, पुढचे दोन लाल सोडून त्यांच्या जोडीचे पांढरे खालून वर काढले, पुन्हा लाल, असं 15 पर्यंत. सगळे वेचलेले धागे डाव्या हातावर. त्यांच्याखालून तलवारीसारखी लाकडी पट्टी घालून ती उभी केली की फट उघडते. बाणा त्यातून सारायचा. मग 'रुकी', म्हणजे लामाच्या हाडाचं टोकदार हत्यार, ताण्यांमधून खाली ओढत बाणा ठासून बसवायचा. रुकीचा आवाज कोरडा, टक् टक् असा येतो. हात बसला की तो आवाज एका लयीत येतो, आणि लय चुकली की वेचणीही बहुतेक चुकलेली असते.

नियम एकच कडक आहे: एकच धागा सलग तीनपेक्षा जास्त ओळी वर ठेवायचा नाही. ठेवला तर तो सुटा लोंबतो, बटणात, नखात अडकतो. म्हणून लाल भरीव भागातही ठरावीक अंतरानं पांढरे ठिपके दिसतात. पुष्कळ जणांना ती नक्षीची हौस वाटते. ती बांधणी आहे.

चूक एका जोडीची असेल तर लगेच दिसत नाही. तिरक्या रेघा वर चढत जातात, आणि आकृतीच्या मध्यावर त्यांनी ज्या जोडीत भेटायचं तिथे त्या भेटत नाहीत, एक घर सरकलेल्या असतात. तोवर सहा-सात ओळी झालेल्या असतात. उपाय एकच: शेवटच्या ओळीपासून एकेक फट उलट उघडत बाणा मागे काढत यायचं. मधूनच ओढून काढला तर ताणे फिसकटतात. आणि पहिल्या अर्ध्या आकृतीत चूक राहून गेली तर दुसऱ्या अर्ध्यातही ती उतरते, कारण बहुतेक आकृत्या मध्यापासून आरशासारख्या उलटतात. पहिला अर्धा भाग आठवणीतून विणायचा, दुसरा समोरच्या कापडावरून उलट वाचत. कागदावरचा आराखडा नसतो. कापडच वही.

त्यामुळे शिकण्याचा क्रम ठरलेला आहे. मुलगी आधी कातायला शिकते, मग 'हाकिमा' विणते, दोन-तीन बोटं रुंदीची पट्टी. हाकिमावर ती पाल्यायची अक्षरं गिरवते: 'मायू केन्को' म्हणजे वळणं घेणारी नदी, 'चास्का' म्हणजे तारा. नंतर कमरेचा रुंद पट्टा, आणि शेवटी ल्यिक्ल्या. त्यात चिंचेरोची ओळख असलेली 'लोरायपो' ही आकृती येते. जाणत्या माणसाला ल्यिक्ल्या पाहून बाई कुठल्या गावची ते सांगता येतं. पहिल्या हाकिमांची रुंदी उंदीर गिळलेल्या सापासारखी कमीजास्त होते, कारण बाणा कधी जोरात ओढला जातो, कधी सैल. मापाची एक काडी जवळ ठेवून चार-पाच ओळींनी ताडून बघितलं की हे सुटतं.

शेवटचा तळहातभर भाग सर्वांत अवघड. ताणा संपत आलेला, दांडी जवळ आलेली, पट्टी आत जात नाही. मग पातळ काड्या, मग सुई. या वीतभराहून कमी जागेला दिवस जाऊ शकतो. इथे नक्षी थोडी दाटलेली किंवा सैल दिसणं हा दोष धरायचा नाही. चारही काठ बंद असलेल्या कापडाची ती खूण आहे.

जोडणीनंतर कडेला 'न्यावी आवापा' येते. न्यावी म्हणजे डोळा. ही अगदी बारीक पट्टी स्वतंत्र विणून शिवत नाहीत. विणता विणताच तिचा बाणा सुईनं कापडाच्या काठातून, दर वेळी एकाच बाजूनं आत घालतात. त्यामुळे पट्टी वळून काठाभोवती नळी तयार होते आणि वर डोळ्यांची रांग दिसते. दोन्ही बाजूंनी सुई घातली तर नळी होत नाही, पट्टी सपाटच राहते. चिंचेरोतली ही कला एके काळी मोजक्या म्हाताऱ्यांच्या हातात उरली होती. त्यांच्याजवळ बसून ती उचलली गेली, म्हणून आज गावातल्या मुलींना येते. तयार काठ कितीही निरखला तरी सुई कुठल्या बाजूनं गेली हे चटकन उमगत नाही. ते करताना बघावं लागतं.

तुटलं कशानं

इंका राजवटीत बारीक कापड सोन्याहून मोलाचं होतं. ते कर म्हणून घेतलं जाई आणि मान म्हणून दिलं जाई. स्पॅनिश राजवटीत 1780 मध्ये मूळ रहिवाशांचा उठाव उभा करणारा तुपाक आमारू दुसरा पकडला गेल्यावर, 1781 मध्ये त्याला कुस्कोत मारलं आणि शिक्षेच्या हुकमातच इंका पद्धतीच्या पोशाखावर आणि केचुआ भाषेवर बंदी आली. पोशाख आणि भाषा एकाच हुकमात. सत्तेलाही हा संबंध पक्का ठाऊक होता. आज चिंचेरोच्या बायका घालतात ते जाकीट आणि घेरदार घागरा यांवर स्पॅनिश खेड्यांची छाप आहे. ल्यिक्ल्या मात्र त्या अंगावरही टिकली.

विसाव्या शतकात बंदी नव्हती, पण लाज होती. शाळेत आणि शहरात गावच्या कपड्यांना हसत. 1975 मध्ये केचुआला पेरूत राजभाषेचा दर्जा मिळाला, तरी हसणं थांबलं नाही. 1980 ते 2000 च्या अंतर्गत संघर्षात सुमारे 69 हजार माणसं मेली किंवा नाहीशी झाली, असा सत्यशोधन आयोगाचा अंदाज आहे. त्यांतली दर चारांतली तीन केचुआ किंवा दुसरी मूळ भाषा बोलणारी होती. अशा काळात गावची खूण अंगावर घालून फिरणं सोपं नव्हतं. दुसरीकडे अॅक्रिलिकचं रंगीत सूत स्वस्तात आलं आणि कातण्याचे महिने वाचले.

अॅक्रिलिकबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. काही गावांत बायका पर्यटकांसाठी झाडपाल्याच्या शांत रंगांत विणतात आणि स्वतःच्या सणाला डोळे दिपवणारे गुलाबी-पोपटी रासायनिक रंग घालतात. ते बघून 'परंपरा बिघडली' म्हणणाऱ्याला माझं सांगणं असतं की वेचणी मोजून बघा. जोड्या बरोबर असतील, आकृती गावची असेल आणि ताणा दोघींनी घातला असेल, तर काहीही बिघडलेलं नाही. उलट झाडपाल्याचे रंग आणि यंत्रावर छापलेली लोरायपो, यात काहीच उरत नाही.

टिकवणारी व्यवस्था

चाललेलं काम पाहिलं तर काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. म्हाताऱ्या आणि मुलं एकाच दिवशी, एकाच अंगणात बसतात. नुसता मुलांचा वर्ग काढला तर चूक दुरुस्त करणारं कुणी नसतं. प्रत्येक नगावर विणणारीचं नाव आणि फोटो असतो, त्यामुळे वाईट कापड कुणाचं हेही कळतं. भाव नगावर ठेवला की ताणा विरळ होऊ लागतो, हा कुठल्याही हातमागाचा अनुभव. सेंटीमीटरला किती ताणे, काठ चारही बंद आहेत का, सूत हातचं आहे का, यावर भाव ठेवावा लागतो. आणि प्रत्येक गावाला त्याचं त्याचं काम करू द्यायचं. पितुमार्का गावाचं कसब म्हणजे ताणाच मधे वळवून दुसऱ्या रंगाच्या ताण्यात अडकवायचा, साल्याक गावाचं म्हणजे ताण्याला गाठी बांधून रंगवायचा. बाजारात लोरायपो खपते म्हणून सगळ्यांनी लोरायपो विणली, तर पाच वर्षांत दहा गावांचं एक गाव होईल.

पुरुष यात कुठे बसतात, तेही ठिकाणानुसार बदलतं. तितिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर विणकामाची टोपी पुरुषच सुयांवर करतात आणि कमरेचे पट्टे बायका मागावर. ही परंपरा युनेस्कोनं 2005 मध्ये नावाजली. ताकिलेचं मॉडेल चिंचेरोत उचलून आणता येत नाही आणि उलटही नाही.

कुस्कोत विकत घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. 'बेबी अल्पाका' म्हणून रस्त्यावर मिळतं त्यात अॅक्रिलिक पुष्कळ. एक धागा जाळा: लोकर केसासारखा वास मारत जळते आणि चुरगळली की राख होते; अॅक्रिलिक वितळून कडक काळा मणी होतो. मग कापड उलटं करा. रंग उलटलेली तीच नक्षी दिसायला हवी. मागे लांब सुटे धागे लोंबत असतील तर ते यंत्राचं असू शकतं. कापडाच्या टोकाला कातर किंवा दुमडून घातलेली शिवण असेल तर चार काठांचं नाही.

आता राहिला कॉम्प्युटरवरच्या नक्षीचा प्रश्न. उतरवून ठेवायला हरकत नाही, पण चौकटीतल्या रंगांबरोबर आणखी काय लिहायचं ते आधी ठरवा. सूत कुठल्या दिशेनं कातलं आणि कुठल्या दिशेनं दुहेरी केलं. सेंटीमीटरला ताणे किती, आकृतीत जोड्या किती, ताणा घालताना रंगांचा क्रम काय होता. ताणा किती जणींनी घातला. प्रत्येक हत्याराचं आणि प्रत्येक हालचालीचं केचुआ नाव, विणणारीच्या तोंडून, तिच्याच उच्चारात. आणि व्हिडिओ काढायचा तर समोरून काढू नका. समोरून तिचा चेहरा दिसतो आणि हात उलटे दिसतात. कॅमेरा तिच्या उजव्या खांद्यामागे ठेवा, म्हणजे शिकणारीला बोटं स्वतःच्या बोटांच्या जागी दिसतील.